रेघ लाल आहे हे दिसतंय, का लाल आहे ते कोण सांगणार?

इंदूरच्या आमच्या गाडीच्या स्टिरिओच्या दुकानात स्टिरिओ बघायला जो माणूस येतो तो हल्ली आवाजाबद्दल सगळ्यात शेवटी विचारतो. आधी विचारतो, मॅप चालेल ना यात, ट्रॅफिक दिसेल ना. मग मी फोन जोडून दाखवतो, स्क्रीनवर पलासिया लाल, गीता भवन लाल, विजय नगरकडे पिवळं, आणि माणूस खूश. फ्रेम, कपलर, रिव्हर्स कॅमेरा, फिटिंग सगळ्याचा हिशोब होतो आणि निघता निघता हमखास प्रश्न येतो, "ट्रॅफिकचे वेगळे पैसे नाही ना लागणार?" नाही, नाही लागणार. लागणार असते तर त्याने तो स्क्रीन घेतलाच नसता.

हे मी इतकी वर्षं बघतोय आणि मला यात लोकांचा चिकटपणा अजिबात दिसत नाही. हाच माणूस सीट कव्हरला हजारो रुपये देतो, हॉर्नला देतो. मग ज्या गोष्टीसाठी तो मोठा स्क्रीन घेतोय त्याच गोष्टीसाठी एक रुपया का नाही देत? माझं उत्तर असं की त्याला जे मिळतंय ते अर्धंच आहे, आणि अर्ध्या गोष्टीचे कोणी पैसे देत नाही. हे जरा सविस्तर लिहितो कारण आपल्याकडे गाडीतल्या ट्रॅफिक माहितीचा बाजार कसा वाढला हे मी गल्ल्यामागे उभं राहून बघितलंय, आणि बाबांनी माझ्याही आधीपासून.

बाबांनी दुकान सुरू केलं तेव्हा कॅसेट प्लेअर बसवायचे. ट्रॅफिकची बातमी गाडीत मिळू शकते हे त्यांना पहिल्यांदा एफएममुळे कळलं. इंदूरच्या लोकांना याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा, रेडिओ मिर्चीचं देशातलं पहिलं स्टेशन ऑक्टोबर 2001 मध्ये आपल्या इंदूरला सुरू झालं, मुंबई-दिल्लीच्या आधी. नुसतं एफएम लागावं म्हणून लोक जुना सेट बदलायला यायचे असं बाबा सांगतात. संध्याकाळी आरजे मधेच सांगायचा की अमक्या चौराह्यावर गाड्या अडकल्यात, तिकडनं जाऊ नका. माहिती कुठनं यायची, तर ऐकणाऱ्यांच्याच फोनवरनं. पण बघा, त्या दोन वाक्यांत कारण असायचं. वरात आहे, पाइपलाइन फुटलीय, झाड पडलंय, सिग्नल बंद आहे. आणि ऐकणाऱ्याला त्यावरनं अंदाज यायचा की थांबावं का वळावं.

त्याच काळात युरोपात आणि जपानात हे काम फार पुढे गेलेलं होतं. जर्मनीत 1997 पासून टीएमसी नावाची सोय सुरू झाली होती, म्हणजे एफएमच्या गाण्यासोबतच, ऐकू न येणाऱ्या 57 किलोहर्ट्झच्या पट्टीवर, ट्रॅफिकचे छोटे छोटे डिजिटल संदेश गाडीच्या रेडिओत यायचे. संदेशात पूर्ण वाक्य नसायचं, फक्त कोड, कुठल्या ठिकाणी काय झालंय आणि किती लांब रांग आहे. रेडिओत किंवा नेव्हिगेशनच्या सीडीत त्या जागांची यादी आधीपासून भरलेली असायची, त्यावरनं तो ड्रायव्हरला त्याच्याच भाषेत दाखवायचा. जपानमध्ये 1996 मध्ये विक्स नावाची अशीच सोय सुरू झाली, तिथे तर रस्त्याच्या कडेला बीकन (गाडीला संदेश पाठवणारी यंत्रं) लावले होते, हायवेवर रेडिओचे, शहरात इन्फ्रारेडचे, आणि शिवाय एफएम. ग्राहकाला महिन्याचं बिल नाही, गाडीतलं यंत्र घेताना त्याच्या किमतीतच सगळं आलं.

मला या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिथे कंपनीने नुसतं यंत्र विकलं नाही, त्यामागे रस्त्यात सेन्सर होते, पोलिसांची कंट्रोल रूम होती, प्रत्येक चौकाला नंबर दिलेला होता आणि कोणीतरी बसून रस्ता बंद असल्याची नोंद रोज करत होतं. म्हणजे सरकारने आधी माहिती तयार केली आणि मग बाजाराने ती गाडीत पोचवली. आपल्याकडे हा पहिला भाग झालाच नाही आणि आपण थेट दुसऱ्या भागावर उडी मारली.

ती उडी काचेला चिकटवायच्या जीपीएस डब्यापासून सुरू झाली. मॅपमायइंडियावाले 1995 पासून नकाशे बनवतायत, 2004 मध्ये त्यांनी इंटरनेटवर नकाशा आणला आणि पुढे त्यांचे आणि इतरांचे ते काळे डबे दुकानात यायला लागले. आम्ही विकले ते. महाग असायचे, पण ज्याने घेतला तो दाखवायला मित्रांना घेऊन यायचा. नकाशा एसडी कार्डात, ॲरो पुढे सरकतोय, बाई बोलतेय, पुढे डावीकडे वळा. पण ट्रॅफिक? ट्रॅफिक त्यात नव्हतं. रस्ता कुठे जातो ते त्याला माहीत होतं, रस्त्यावर काय चाललंय ते नाही. तेव्हा शहराबाहेर जाणाऱ्यालाच त्याचा उपयोग, गावात कोण लावतं, राजवाड्याहून सुदामा नगरला कसं जायचं हे इंदूरच्या माणसाला डब्याने सांगायची गरज नव्हती.

मग फोन आला आणि सगळा खेळच बदलला. गूगलने 2012 मध्ये भारतातल्या सहा मोठ्या शहरांसाठी लाइव्ह ट्रॅफिक सुरू केलं, मुंबई पुणे होते त्यात, आपण नव्हतो, आपल्याकडे नंतर आलं. पण खरा धक्का सप्टेंबर 2016 मध्ये जिओमुळे बसला, कारण तोपर्यंत दिवसभर डेटा चालू ठेवणं म्हणजे पैसे जाळणं होतं, आणि डेटा चालू नसेल तर ना तुम्हाला ट्रॅफिक दिसतं ना तुमचा वेग गूगलला कळतो. एकदा सगळ्यांचे डेटा चालू झाले की रस्त्यात एकही सेन्सर न लावता अख्ख्या शहराचा वेग मोजला जायला लागला. आपले फोनच सेन्सर. बर्लिनमधल्या एका कलाकाराने 2020 मध्ये हातगाडीत 99 फोन ठेवून रिकाम्या रस्त्यावरनं ती ओढत नेली होती आणि मॅपवर तो रस्ता लाल झाला. त्यावरनं कळतं की ही रेघ कशावर चालते. फोन हळू सरकतोय, बस, त्याला तेवढंच कळतं.

आपल्या शहरांत याची अजून एक अडचण आहे, दुचाकी. राजवाड्याच्या आसपास, जवाहर मार्गावर, सियागंजला, कार जागच्या जागी उभी असते आणि शेजारनं ॲक्टिवा सुळकन निघून जाते. मग रस्त्याचा वेग कुठला धरायचा? गूगलने त्या हातगाडीच्या वेळी सांगितलं होतं की भारत, इंडोनेशिया, इजिप्त अशा काही देशांत कार आणि मोटरसायकल वेगळी ओळखायची सोय त्यांनी केलीय, आणि दुचाकीसाठी वेगळा मोड तर 2017 मध्ये सगळ्यात आधी भारतातच आणला. चांगलं काम आहे हे, मी मनापासून म्हणतो. पण एबी रोडवरच्या बीआरटीएसचा, म्हणजे बससाठीच्या वेगळ्या लेनचा, विचार करा. 2013 पासून मधल्या लेनमधनं आयबस मोकळी पळायची आणि दोन्ही बाजूंना कार अडकलेल्या, बसमध्ये पन्नास जणांच्या खिशात फोन, आणि फोनचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतोच. हे वेग एकमेकांत मिसळत नसतील असं मला तरी कधी पटलं नाही. पुढे 2025 मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर बीआरटीएस काढायचं काम सुरू झालं, तर तो प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने सुटतोय.

दरम्यान गाडी कंपन्याही जाग्या झाल्या. 2019 मध्ये ह्युंदाईची व्हेन्यू आली, एमजीची हेक्टर आली, दोन्हीत सिम गाडीतच बसवलेलं. शोरूमवाल्यांनी कनेक्टेड कार म्हणून जोरात विकलं आणि त्यात लाइव्ह ट्रॅफिकही होतं. अशा पॅकेजचं साधारण असं असतं की सुरुवातीची काही वर्षं फुकट, मग रिन्यूअल. आता दुकानात येणारी फुकट काळ संपलेली मंडळी काय म्हणतात ते मी ऐकतो. माझ्या मामांचंच सांगतो, त्यांच्या गाडीचं पॅकेज संपलं, कंपनीचा फोन आला, मामा म्हणाले, गाडी लॉक झालीय का ते फोनवर दिसतं एवढ्यासाठी पैसे कशाला देऊ, ट्रॅफिक तर माझ्या फोनमध्ये आहेच. आणि ते खरंच आहे. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेवर फोनचाच मॅप स्क्रीनवर येतो. मग गाडीतला वेगळा मॅप उघडायची कोणाला गरज? 

म्हणजे सामान्य कारवाला हा या बाजाराचा ग्राहक नाहीच, तो फक्त वापरणारा. पैसे देतात त्या गाडी कंपन्या, टॅक्सी ॲपवाले, डिलिव्हरीवाले, जे मॅपचा डेटा घाऊक घेतात. मॅपमायइंडिया डिसेंबर 2021 मध्ये शेअर बाजारात आली ती अशाच धंद्याच्या जोरावर, गाडी कंपन्या आणि मोठे उद्योग हे तिचे ग्राहक. पण तिथेही भाव पडतायत. जुलै 2024 मध्ये ओलाने सांगितलं की आम्ही गूगल मॅप्स सोडून स्वतःचा मॅप वापरतोय, आणि त्याच महिन्यात गूगलने भारतासाठी आपले दर 1 ऑगस्टपासून 70 टक्क्यांपर्यंत कमी केल्याचं जाहीर केलं. रस्त्याचा रंग विकून पैसा मिळवायचे दिवस आपल्याकडे नीट सुरू व्हायच्या आधीच संपत आले असं मला वाटतं.

त्याच जुलैमध्ये गूगलने अरुंद रस्त्याची सूचना द्यायला सुरुवात केली, आठ शहरांत, आणि त्यात इंदूर आणि भोपाळ दोन्ही होते. मला फार आनंद झाला होता. कारण जुन्या इंदुरात, मल्हारगंज म्हणा, छावणी म्हणा, बाहेरगावचा माणूस कार घेऊन गल्लीत शिरतो आणि मग ना पुढे ना मागे, आणि त्याच्यामागे आख्खी गल्ली अडकते. तर ही माहिती वेगळ्या जातीची आहे. हिच्यात रंग नाही, हिच्यात समज आहे, रस्त्याबद्दलची. मला जे म्हणायचंय ते इथेच आहे.

लाल रेघ म्हणजे थर्मामीटर. ताप आहे हे सांगतो, कशाने आलाय ते नाही.

आता इंदूरचं वर्ष बघा. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, टोरी कॉर्नरहून निघते, राजवाड्याला लाखो लोक. तारीख पंचांगात, रूट ठरलेला. अनंत चतुर्दशीला मिलच्या झाँक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, रात्रभर रस्ते बंद, हेही दरवर्षी. खजराण्याला गणपतीत गर्दी. मेट्रोचं काम, आज इथे बॅरिकेड उद्या तिथे. बीआरटीएसच्या रेलिंग काढणं. लग्नसराईत एबी रोडच्या गार्डनबाहेर वराती. यातलं बहुतेक सगळं कोणाला ना कोणाला आधीपासून माहीत असतं, पोलिसांना, नगर निगमला, ठेकेदाराला. आणि ते आपल्यापर्यंत कसं येतं, तर आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर एक फोटो, त्यात बारीक अक्षरांत डायव्हर्जनचा प्लॅन, तोही तीन जणांनी फॉरवर्ड करून धूसर झालेला. कुठल्या मॅपला तो फोटो वाचता येणार? मॅपला कळतं तेव्हा, जेव्हा पहिल्या शंभर गाड्या तिथे जाऊन अडकतात. त्या शंभर गाड्यांत तुम्ही असाल तर त्या लाइव्ह ट्रॅफिकचा तुम्हाला शून्य उपयोग, तुमच्या अडकण्यातनंच ती माहिती तयार झालीय.

गावातला जाम एकवेळ परवडतो, तास गेला तर गेला. हायवेचं वेगळं आहे. जून 2025 मध्ये इंदूर-देवास रस्त्यावर अर्जुन बडोद्याजवळ पुलाच्या कामामुळे आणि पावसात खराब झालेल्या बाजूच्या रस्त्यामुळे जो जाम लागला तो इथल्या लोकांना विसरता येणार नाही. दिवस उलटून गेला तरी गाड्या तिथेच होत्या, आणि त्यात अडकलेल्या लोकांचे जीव गेल्याच्या बातम्या आल्या, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. देवासहून पेशंट घेऊन येणाऱ्या प्रत्येक ॲम्ब्युलन्सचा हाच रस्ता आहे. त्यातले काही ड्रायव्हर माझ्याकडे लाइट आणि सायरनचं वायरिंग करून घ्यायला येतात, त्यांचं बोलणं ऐकलं की हा विषय धंद्याचा राहत नाही. त्यांना फक्त एवढं हवं असतं की बायपासला लागायच्या आधी कोणीतरी सांगावं, पुढे मोकळं आहे का, आणि नसेल तर किती वेळ. रेघ लाल आहे म्हणजे दहा मिनिटं का दहा तास, हे रेघ कसं सांगेल?

माझे भाऊजी ट्रान्सपोर्टमध्ये आहेत, पिथमपूरहून माल उचलून देवास आणि पुढे. त्यांच्या सगळ्या ट्रकना ट्रॅकर आहेत, त्यांच्या मोबाइलवर नकाशात सगळ्या गाड्या दिसतात. सरकारनेही 2019 पासून नव्या बस-टॅक्सीला एआयएस 140 चे ट्रॅकर सक्तीचे केलेत, पॅनिक बटण असलेले, आणि टोलवर फास्टॅग 2021 पासून चारचाकी आणि त्याहून मोठ्या सगळ्याच गाड्यांना. म्हणजे गाडी कुठे आहे हे कळण्यात आपण आता मागे नाही. पण भाऊजींना मी एकदा जेवताना विचारलं की याच्यावर ट्रॅफिकचे महिन्याला पैसे घेणारी सर्व्हिस आली तर घ्याल का, तर ते म्हणाले, "अरे मला रंग नको. गाडी उभी आहे हे मला दिसतंय की. मला असं सांगणारा माणूस दे की देवास रोडवर मांगलियाला थांबवू, उज्जैनवरून फिरवू, का जाऊ देऊ. त्याचे गाडीमागे महिन्याला दोनशे मी आज देतो."

मी नंतर बराच वेळ यावर विचार करत बसलो होतो. कारण हा माणूस डिझेलच्या एकेका लिटरचा हिशोब ठेवतो आणि तो स्वतःहून आकडा सांगतोय. म्हणजे ग्राहक आहे. ट्रकवाले आहेत, शाळेच्या बस आहेत, ट्रॅव्हल्सवाले आहेत, दूध आणि भाजीच्या गाड्या आहेत ज्यांना पहाटे मंडीत पोचायचंच असतं, आणि ॲम्ब्युलन्स तर आहेतच. त्यांच्यासाठी उशीर म्हणजे नुसता त्रास नाही, रोकडा तोटा आहे, किंवा त्याहून वाईट. आणि त्यांना जे हवंय ते बेंगळुरू-मुंबईच्या ऑफिसमध्ये बसून सॅटेलाइटवरनं मिळणार नाही, त्यासाठी मांगलियाच्या ढाब्यावर, राऊच्या सर्कलला, टोलवर ओळखीची माणसं लागतील, पोलिस कंट्रोल रूमशी रोजचा संबंध लागेल, ठेकेदार उद्या कुठली लेन खोदणार हे विचारायला कोणीतरी लागेल. यात माणसं लागतात आणि माणसांना पगार लागतो, म्हणूनच ते फुकट होऊ शकत नाही, आणि म्हणूनच ते विकलं जाऊ शकतं.

मोठ्या ॲपला हे जमणारच नाही असंही माझं म्हणणं नाही. वेझ नावाच्या मॅप ॲपने 2014 मध्ये शहरांशी माहितीची देवाणघेवाण सुरू केली तेव्हा रिओ दि जनेरो पहिल्या शहरांत होतं. नगरपालिका सांगणार कुठला रस्ता बंद, वेझ सांगणार लोक कुठे अडकलेत, दोन्हीकडून फुकट. आणि रिओ म्हणजे आपल्यासारखंच, कार्निव्हलला रस्ते बंद, पावसात पाणी भरलं की बंद. तिथे होऊ शकतं तर इंदूरला का नाही? सलग इतकी वर्षं देशात सगळ्यात स्वच्छ शहराचा नंबर आपण टिकवलाय, कचऱ्याची प्रत्येक गाडी कुठल्या गल्लीत कधी जाते हे निगमला माहीत असतं. ज्यांना एवढं जमतं त्यांना गेरचा रूट कॉम्प्युटरला वाचता येईल अशा साध्या फाइलमध्ये टाकायला काय कठीण आहे? ती फाइल सगळ्यांसाठी खुली ठेवा, गूगलने घ्यावी, मॅपमायइंडियाच्या मॅपल्स ॲपने घ्यावी, आपल्याच एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या पोरांनी घ्यावी. बंद रस्त्याची कच्ची माहिती ही सरकारने फुकट द्यायची गोष्ट आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ती तपासून, त्यावर सल्ला बनवून, ड्रायव्हरच्या कानापर्यंत वेळेत पोचवणं हा धंदा आहे. आपल्याकडे आत्तापर्यंत उलटं झालंय, कच्ची माहिती कोणी देत नाही आणि सल्ला फुकट मिळावा अशी अपेक्षा.

कानापर्यंत म्हणालो ते मुद्दाम. भाऊजींच्या ड्रायव्हरांपैकी कोणी चालवताना स्क्रीन वाचत नाही आणि वाचूही नये. त्यांचा आपसातला एक ग्रुप आहे, त्यात सगळे व्हॉइस मेसेज, मालवी-हिंदीत, दहा-पंधरा सेकंदांचे, "बायपास पे टँकर पलटा है, एक साइड चालू है, घंटा भर लगेगा." कुठे, काय, किती वेळ, तिन्ही गोष्टी आल्या. फक्त तो मेसेज खरा का जुना हे कोणी तपासत नाही, आणि ग्रुपमध्ये नसलेल्याला तो मिळत नाही. भाऊजींनी दोनशेचा आकडा सांगताना सोबत अटीही सांगितल्या होत्या, त्या इथे लिहून ठेवतो, कोणी हा धंदा करायचा विचार करत असेल तर कामाला येतील. मेसेज आवाजात हवा. आतापासून किती वेळ लागेल ते त्यात हवं. मोकळं झालं की तेही सांगायला हवं. आणि सगळ्यात मुख्य, गाडी राऊ सोडून बायपासला लागायच्या आधी तो यायला हवा, कारण एकदा ट्रेलर तिथून पुढे गेला की त्याला मागे वळवायला जागा नाही.